पाणी मागणारी मोटार

स्वतःच्या बायकोपेक्षा मोटारीची तब्येत जास्त वेळा विचारणारा आणि तरीही दोन्ही वेळा तव्यावरची गरम पोळी खाणारा पुरुष साऱ्या मराठवाड्यात मी एकच पाहिला. ते आमचे आतोबा, म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. राहायचे पुंडलिकनगरात, शाळेत विज्ञान शिकवायचे, आणि जीव अडकलेला एका गोलमटोल, हिरव्या, जुन्या मोटारीत. 'जुनी' हा शब्द मात्र त्यांच्यापुढं काढायची सोय नव्हती. "जुनी काय रे? जाणती म्हण!" असं डाफरायचे. गाडीत चपला काढून बसायचं, हा त्यांचा नियम. आत्या बिचारी अगदी लग्नाला निघाली तरी शालू नेसून, चपला पदरात घेऊन बसायची. दार कुणी जोरात आपटलं की आतोबांच्या कपाळाला आठी. "दार आहे ते, दुश्मन नाही." उन्हाळ्यात घरात एकच पंखा होता, पण मोटारीच्या बॉनेटवर दुपारभर ओलं गोणपाट असायचं आणि ते वाळलं की आतोबा झोपेतून उठून भिजवायचे. आत्या म्हणायची, "मला ताप आला तेव्हा एवढ्या पट्ट्या बदलल्या नव्हत्या या माणसानं!"

बाकी सगळं ठीक, पण ही जाणती बाई तहानलेली फार. रेडिएटरमधलं पाणी कधी संपायचं ते कळायचंच नाही. कळायचं तेव्हा पुढून वाफेचा लोट निघालेला असायचा. एकदा जालन्याला आत्याच्या भाचीच्या लग्नाला निघालो आणि करमाडजवळ गाडीनं मान टाकली. ऐन दुपार, सावलीला एक बाभूळ, तीही नावापुरती. पाणी मिळून गाडी निवेपर्यंत तिकडं अक्षता पडून, पंगती उठून, नवरी सासरी गेली होती. घरी आल्यावर आत्या बोलली ती दगडावरची रेघ. "ऐका. आता ही एकदा जरी रस्त्यात मेली, तर भंगारवाला मी बोलावणार. मग तुम्ही आडवे पडा नाहीतर उभे राहा."

आत्या बोलली की बोलली. आतोबांचं जेवण उडालं. चार दिवस ते वर्गातसुद्धा मोटारीचाच विचार करत होते म्हणे. मग ते गेले शहागंजात, गाड्यांचं वायरिंग करणाऱ्या त्यांच्या जुन्या दोस्ताकडं. आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणायचो. दोघांनी चहाच्या कपांची रास लावून तोड काढली. रेडिएटरमध्ये वरून एक तार सोडायची. पाणी तारेला टेकलेलं आहे तोवर सगळं शांत. पाणी उतरलं, तार उघडी पडली, की डॅशबोर्डाखाली बेल वाजणार. चाचा छातीवर हात ठेवून म्हणाले, "मास्टरसाब, पानी नीचे गया ना, तो ये चुप नइं बैठती. चाबी निकालो तो बी चिल्लाती!"

बेल कुठून आणायची? आतोबांनी घराच्या दाराची, सेलवर चालणारी बेल काढून नेली आणि चाचांनी ती मोटारीच्या बॅटरीला जोडली. घरी येणाऱ्यांनी कडी वाजवावी, असा हुकूम झाला.

त्यानंतर वर्षभर गाडी गावाबाहेर काढलीच नाही, आणि मग जालन्याहून त्याच भाचीच्या बाळाच्या बारशाचं बोलावणं आलं. तोच रस्ता, तीच गाडी. आत्या फक्त म्हणाली, "बघू." त्या 'बघू'नं आतोबा असे धास्तावले की सकाळी उठून त्यांनी रेडिएटर चारदा धुतला आणि आपल्या बोअरचं क्षाराचं पाणी नको म्हणून त्यात बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी काठोकाठ भरलं. झाकण लावलं, आणि बेल जी बोंबलायला लागली! गल्ली गोळा झाली. समोरच्या काकू खिडकीतून ओरडल्या, "अहो, कोण आलंय बघा की!" आतोबा झाकण उघडतात, बघतात, लावतात. पाणी गळ्याशी आणि बेल चालूच. घामानं सदरा चिकटलेला, चेहरा पडलेला. "संपलं," ते मला हळूच म्हणाले. "आता ही जाते बघ भंगारात." त्यांचे डोळे खरोखर भरले होते.

आता आत्याच्या घरची एक रीत होती. दारात कुणी येवो, सावकार असो की भिकारी, बोलणं नंतर, आधी तांब्याभर पाणी. बेल ऐकून ती सवयीनं माठातलं, बोअरचंच पाणी घेऊन बाहेर आली.

"एवढी कोकलतीय, तर पाजा की तिला!"

"अगं, काठोकाठ आहे! तेही एकदम शुद्ध!"

"बॅटरीचं पाणी कुणी पितं व्हय?" म्हणत तिनं झाकण काढून तांब्या ओतला. निम्मं पाणी खाली सांडलं आणि बेल गप्प.

आतोबांनी कपाळावर हात मारला. "शुद्ध पाण्यातून वीज जात नाही! क्षार लागतात! तारेला वाटलं, पाणीच नाही! अरे, आयुष्यभर हेच शिकवत आलो की पोरांना!" आणि भर गल्लीत असे हसत सुटले की आत्यालाही पदर तोंडाला लावावा लागला.

निघालो. बंपरला पाण्याची छागल टांगलेली, आत्याच्या पदरात चपला. करमाड ओलांडतोय तोच बेल वाजली. आतोबांनी गाडी बाजूला घेतली. वाफ नाही, काही नाही. जरा निवू दिली, छागल रिकामी केली, निघालो. शेजारी बसलेल्या आत्याकडं बघायची आतोबांची हिंमत होईना. आत्याच म्हणाली, "मेली नाय काही. पाणी मागितलं तिनं." बाळाच्या कानात नाव सांगितलं गेलं तेव्हा आतोबा टाळ्या वाजवत होते, सगळ्यांत जोरात.

आतोबा जाऊन आता बरीच वर्षं झाली. गाडी अंगणातच आहे, चालत नाही. बॅटरी तेवढी मी अधूनमधून भरून आणतो, आत्याचा हट्ट म्हणून. रेडिएटर थेंब थेंब गळतो आणि कधी दुपारी बेल वाजते. मग आत्या गुडघ्यावर हात देत उठते, "आले गं, आले," म्हणत माठातला तांब्या भरून बाहेर जाते. भंगारवाले विचारून थकले. मीही एकदा म्हणालो, "आत्या, चालत तर नाही ती. कशाला पाणी घालतेस?"

"दारात आलेल्याला आपण विचारतो का रे, कशाला आलास म्हणून?" ती म्हणाली. बेल गप्प झाली होती, तरी ती बॉनेटवर हात ठेवून तिथंच उभी होती. गोणपाट अजून ओलं होतं.