दारातच लिहिलेलं ‘वर्क डन’

मित्रांनो, आज चूक माझीच होती.

कॉलेज अर्धवट सोडल्यापासून मी पाण्याचे फिल्टर दुरुस्त करतो. काम संपलं की ऑफिसच्या ग्रुपवर ‘वर्क डन’ लिहायचं असतं. आम्ही पोरं ते आत जायच्या आधी, गिऱ्हाइकाच्या दारातच लिहून टाकतो, नंतर विसरायला नको म्हणून.

आज जुळे सोलापुरात एका काकूंकडे तसंच लिहून आत गेलो, तर लागणारा पार्ट बॅगेत नव्हता. काकू चिडल्या, मीही चढ्या आवाजात बोलून निघून आलो. त्यांनी ऑफिसात फोन लावला. तो आमच्या स्नेहाने उचलला. ती मला लई आवडते, हे तिला सोडून सगळ्यांना माहितीये. ती म्हणाली, “काम झालंय की काकू!” मग तिने जे ऐकलं, ते माझ्या वाट्याचं होतं.

“सगळेच आधी लिहितात की!” ऑफिसात मी तावातावाने म्हणालो.

“म्हणूनच बाकीच्यांचं मी गिऱ्हाइकाला विचारून घेते,” ती म्हणाली. “तुझं कधी विचारलं नव्हतं.”

दुपारी काकूंकडे परत जाऊन पार्ट बसवला, ग्लासभर पाणी पिऊन बघितलं, मगच ‘वर्क डन’ लिहिलं. लगेच काकूंचा फोन वाजला. स्नेहा होती, खरंच झालं का विचारत होती.

असा गेलेला भरवसा तुमच्यापैकी कुणी परत मिळवलाय का? कसा?