साडीचं दुसरं टोक
साडीवर खडे चिकटवायच्या गमचा वास आला की मला लिंबायत वस्तीतली माझी शेजारीण आठवते. नवरा दिवसभर डाईंग मिलमध्ये, माहेर लांब खानदेशात, आणि ती एकटी टीव्हीसमोर. तिच्या मालिकेतली नायिका मोठ्या बंगल्यात एकटीच दारू प्यायची, भरलं ताट भिरकावायची. हिनेही जेवण सोडलं होतं. एका दुपारी खडे लावायच्या साड्या घेऊन तिच्याकडे गेले तर हिचे डोळे खोल गेलेले. म्हणाली, "मावशी, त्या नायिकेचं बरोबरच आहे. आपण नसलो तर कोणाला कळणार?" मी म्हटलं, "मला कळेल. खडे वाळेपर्यंत साडी दोघींनी ताणून धरावी लागते. एकटीने धरली तर खडे सुटतात. ऊठ, हे टोक धर." ती रडतच उठली. मी समजूत काढली नाही. "ढिली सोडू नको, शेठ माल परत पाठवेल," एवढंच ओरडले. चार साड्या झाल्यावर तिनेच विचारलं, "मावशी, भाकर आहे का?" ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या दोन भाकरी तिने ठेच्याबरोबर खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी मालिकेच्या वेळेला ती माझ्या दारात उभी. त्या नायिकेचं पुढे काय झालं, आम्हा दोघींनाही माहीत नाही. हिच्या हाताखाली मात्र आज आठ बायका खडे लावतात, आणि हिला मी उठवलं, हे मी कोणालाही ताठ मानेने सांगते.