कंसातला खोकला

आमची ताई एका संशोधन संस्थेत टाइप करते. नोकरी कंत्राटी, करार दर सहा महिन्यांनी. कानात हेडफोन घालायचे, लोकांच्या मुलाखती ऐकायच्या आणि शब्द न् शब्द उतरवायचा. माझं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. मी तिला चिडवायचो, "चोरून गप्पा ऐकतेस आणि वर पगार घेतेस!"

तिला एक खोड आहे. उसासा, खुर्चीची करकर, सगळं ती कंसात लिहिते. तिच्या वरच्या बाई वैतागायच्या. "अहो, हा कचरा कशाला?" म्हणत कंस खोडायच्या. ताई पुन्हा लिहायची. हट्टी आहे, आईवर गेली आहे.

गेल्या वर्षीचा विषय होता, शाळेतल्या एआयबद्दल शिक्षकांना काय वाटतं. एका शाळेत आधी खुणा करायचे फॉर्म भरून घेतले, मग समोरासमोर मुलाखती. दोन्हींतून एकच निघालं, शिक्षक खूश! दोन पद्धती जुळल्या म्हणून बाई हवेत होत्या. अहवाल सोमवारी जायचा होता.

शुक्रवारी ताई त्यांच्या टेबलापाशी गेली. तिचा करार आठवड्यात संपत होता आणि वाढवणं बाईंच्याच हातात होतं.

"बाई, अकराही मुलाखतींत एकच माणूस खोकतोय."

"मग?"

"शिक्षक जरा कुरकुरायला लागला की खोकला येतो. लगेच शिक्षक म्हणतो, पण एकूण छान आहे."

बाईंनी हेडफोन लावले. तिसऱ्या मुलाखतीला त्यांचा चेहरा उतरला. मुख्याध्यापकांनी मुलाखतींना आपलीच खोली दिली होती आणि स्वतः कोपऱ्यात बसले होते. त्यांना बाहेर जा म्हणायचा धीर मुलाखत घेणाऱ्या कुणालाच झाला नव्हता. फॉर्मही त्यांनीच गोळा केले होते.

अहवाल थांबला. नवे फॉर्म बिननावी, कुलूपबंद पेटीत. मुलाखती शाळेबाहेर. निम्म्या खुणा उलटल्या. एक शिक्षिका म्हणाली, "निबंध आता यंत्र तपासतं. मग कोणतं मूल घाबरलंय हे मला कळायचं कसं?" ताईने पुढे कंसात लिहिलं, बराच वेळ गप्प.

ताईचा करार वाढला. छापील अहवालात बाईंनी तिचा एकही कंस खोडला नव्हता. मला तिचा इतका अभिमान वाटला की त्यातलं एक पान मी दुकानात चिकटवलं. गिऱ्हाईक त्या शिक्षिकेचं बोलणं वाचतं आणि म्हणतं, "खरंय हो." मी म्हणतो, "पुढचं वाचा. ते माझ्या ताईने लिहिलंय."