जास्तीचं मीठ

मलकापुरात घरी बसून मी ज्या कामाचा पगार घेते, ते शेजारणींना समजावताना नाकी नऊ येतात. काही देशांची सरकारं आणि दानशूर मंडळी एका सामाईक निधीत पैसे टाकतात. युद्धात सापडलेल्या भागातल्या छोट्या संस्था त्यातून मदत मागतात, आणि त्यांचे अर्ज मी तपासते. एकीनं विचारलं, "म्हंजे भिशीच ना व्हय?" मी म्हटलं, हो, फक्त नंबर लागायला गावावर बॉम्ब पडावे लागतात. ती हसली नाही. माझी जीभ अशीच आहे.

गेल्या वर्षी वेढा पडलेल्या एका शहरातून बायकांच्या मंडळाचा अर्ज आला. त्या एका शाळेत स्वयंपाक करून रोज चारशे माणसांना जेवू घालत होत्या. तांदूळ, मसूर, तेल, सरपण, सगळं रास्त होतं. मीठ मात्र भलतंच मागितलं होतं. दुसरा कुणी तपासणारा ती ओळ ओलांडून गेला असता, पण मी पडले आमच्या घरची सून. माझे सासरे जानेफळचे. तिकडे भंडारा असो की लग्न, कढई चढण्याआधी शिध्याचा अंदाज त्यांनाच विचारतात. तो कधी चुकल्याचं ऐकिवात नाही, निदान त्यांच्या तोंडून तरी.

मी त्यांना आकडा सांगितला. त्यांनी डोळे मिटून बोटांवर काहीतरी मोजलं.

"चारशे मानसाले एवढं मीठ? सूनबाई, हे त् चार गावच्या पंगतीचं झालं. कोनतरी मधात खाऊन राह्यलं."

मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? लोक शितावरून भाताची परीक्षा करतात, मी मिठावरून चोरी पकडली होती. मी हरकत नोंदवली: मीठ आणि माणसं यांचा मेळ बसत नाही, खुलासा येईपर्यंत हप्ता थांबवावा. वरिष्ठांनी माझ्या बारीक नजरेचं कौतुक केलं. ते मी मामाजींना, म्हणजे सासऱ्यांना, वाचूनही दाखवलं.

नवव्या दिवशी उत्तर आलं. त्या बायकांनी लिहिलं होतं की मीठ जेवणासाठी नाही. औषधं संपली आहेत, म्हणून पाणी उकळून, त्यात मीठ घालून आम्ही जखमा धुतो. जेवणाच्या मदतीत औषधपाण्याचं लिहिलं तर अर्ज बाद होतो, असं तुमच्याच सूचनांत आहे, म्हणून ते स्वयंपाकात दाखवलं. मीठ परवा संपलं.

नऊ दिवसांत जखम हा शब्द माझ्या डोक्यात एकदाही आला नव्हता. माझ्या लेखी मीठ जाऊन जाऊन जाणार कुठे, तर भाजीत! आधी त्या सूचना लिहिणाऱ्याचा संताप आला. मग आठवलं, हप्ता न थांबवता नुसतं "एवढं मीठ कशाला?" असं विचारता आलं असतं. स्वतःची इतकी शरम मला कधी वाटली नव्हती.

मी मामाजींना सांगितलं. ते म्हणाले, "आता पाठोलं का मंग त्याइले मीठ?"

हरकत मी त्याच तासाला मागे घेतली होती. पण अजून दोन सह्या बाकी होत्या, दोन वेगळ्या देशांतल्या, आणि एकीकडे सुट्टी होती. तसं सांगितल्यावर ते ओरडलेच, "सई कायची? मीठ हाय ते!"

पैसे पोचायला आणखी पाच दिवस गेले.

पुढच्या महिन्याच्या अर्जात औषधांची वेगळी सोय झाली होती, आणि मीठ माणसांच्या मानानं बरोबर होतं. जेवणारी माणसं मात्र चारशेची तीनशे साठ झाली होती. फरक दिसला की कारण विचारायचं, हे माझं काम. मी विचारलं नाही. अर्ज पुढे पाठवला, आणि मामाजींना त्यातलं काही सांगितलं नाही.