डाव्या बाजूची भर

नवऱ्याच्या मोटरसायकलची सीट मी चार वेळा बदलून घेतली. पहिल्या तीन वेळा ती आणखी बिघडली. चौथ्या वेळी इतकी उत्तम जमली की त्यातच आमचं वाटोळं झालं.

नवरा इलेक्ट्रॉनिक वजनकाटे दुरुस्त करायचा. रेशनची दुकानं, भाताची गोदामं, मासळीचे व्यापारी, जिथं काटा तिथं तो. पाचूबंदरला खाऱ्या हवेने काटे लवकर मरतात, तिथं दर पंधरवड्याला फेरी असायची, पण ते जवळचं काम. खरी फिरती मनोर, विक्रमगड, जव्हार, कधी तलासरी. सकाळी विरारहून निघायचं, संध्याकाळी परत यायचं. दिवसाला दीडशे किलोमीटर सहज व्हायचे. खांद्याला हत्यारांची पिशवी आणि मागच्या सीटला काटा तपासायची लोखंडी वजनं बांधलेली. एसटीने हे काम होत नाही. कंपनीचा नियम साधा होता, स्वतःची गाडी हवी आणि ती रोज चालवता यायला हवी. गाडी थांबली की नोकरी थांबली. बावन्नाव्या वर्षी दुसरी कोण देणार, हे आम्हा दोघांना माहीत होतं, त्यामुळे त्यावर आम्ही कधी बोललो नाही.

त्या पावसाळ्यात तो घरी येऊन उभ्याने चहा प्यायला लागला. सुरुवातीला मला राग यायचा. दिवसभराने माणूस येतो आणि खिडकीशी उभा राहतो, जणू लगेच निघायचंय. मग एकदा त्याने सांगितलं. मनोरच्या पुढे गेलं की डाव्या कुल्ल्यात आग सुरू होते, दर वीस किलोमीटरला गाडी बाजूला घेऊन उभं राहावं लागतं. दोन दुकानदारांनी उशिराची तक्रारही केली होती.

"एकदा दाखवून येऊ का कुणाला?" त्याने विचारलं.

"डॉक्टर काय सांगणार? गाडी बंद करा. मग?"

मी म्हटलं, आधी सीट बघू.

यात माझा आत्मविश्वास होता आणि तो अगदीच पोकळ नव्हता. सातिवलीत बॅगा बनवणाऱ्या युनिटमध्ये मी अठरा वर्षं आहे, त्यातली शेवटची नऊ सुपरवायझर म्हणून. कुठला फोम दाबल्यावर परत उठतो आणि कुठला बसतो तो बसतोच, हे मला बोटाने कळतं. घरातली प्रत्येक गोष्ट मी अशीच निस्तरत आले. गळका नळ, सासूबाईंची आरामखुर्ची, बाल्कनीतला पत्रा. बिघडलेली वस्तू दिसली की माझे हात शिवशिवतात.

पहिला फोम मी मऊ घातला, तीन इंच. गादीवर बसल्यासारखं वाटतंय म्हणून तो खूश झाला आणि पालघरच्या अलीकडेच आत रुतून खालच्या पत्र्यावर आदळायला लागला. दुसऱ्या वेळी मण्यांची चटई अंथरली. ब्रेक मारला की तो सरळ टाकीवर. तिसऱ्या वेळी कडक फोम लावला, पण सीट इतकी उंच झाली की त्याचे पाय जमिनीला पुरेनात. मनोरला चौकात गाडी थांबवताना तो गाडीसकट आडवा झाला आणि वजनं रस्त्यावर घरंगळत गेली. लोकांनी सगळी गोळा करून आणून दिली. घरी हे सांगताना तो हसत होता. एका म्हाताऱ्याने दोन किलोचं वजन हातात ठेवत विचारलं होतं म्हणे, "मास्तर, बाजार उठवला का?"

मग मी मनवेलपाड्यातल्या सीटवाल्याकडे गेले. एका शटरचं दुकान, बाहेर उलट्या टांगलेल्या सीटा. सीटवाला साठीचा, जवळच्याच भाताच्या गावातला. मी तिन्ही प्रयोग सांगितले. त्याने हातातला स्टेपलर खाली ठेवला नाही.

"ताई, बॅगेत सामान ठेवता ना? सामान कुठं टेकतं ते बघूनच शिवता का नाय? इथं पन तेच. मानसाचं हाड कुठं टेकतं ते आधी आना. मग बोलू."

कसं आणू, विचारलं. तो म्हणाला, चिखलात बसवा.

सोसायटीच्या गणपतीसाठी मुलांना शाडूच्या मूर्ती करायला शिकवल्या होत्या, त्यातली अर्धी बादली माती गच्चीवर पडली होती. रविवारी दुपारी मी ती मळली, प्लायवूडच्या तुकड्यावर चार बोटं जाड थापली, वर प्लास्टिक घातलं आणि तो तुकडा स्टुलावर ठेवला. नवरा जुन्या हाफपँटमध्ये दारात उभा.

"अगं, शेजारीण आली तर काय सांगू?"

"सांगा, मूर्ती घडतेय. बसा मुकाट्याने."

"विसर्जन तरी लवकर कर."

तो बसला, गाडीवर बसतात तसे हात पुढे केले. मी पाच मिनिटं मोजली. मग त्याला सरळ वर उठायला सांगितलं.

मातीत दोन खळगे होते. उजवा पसरट, उथळ, वाटीसारखा. डावा अरुंद आणि खोल. अंगठा दाबून काढावा तसा, तळाशी हाडाची टोकदार खूण. मी मोजपट्टी घातली. जवळजवळ अर्ध्या इंचाचा फरक होता. मग मी त्याच्याकडे पाहिलं. तो पाठमोरा, वाकून पायाला लागलेली माती झाडत होता. हाफपँट उजवीकडे भरलेली होती आणि डावीकडे सैल लोंबत होती. मांडीही त्या बाजूला बारीक वाटली.

हे मी पाहिलं. इथं स्पष्ट लिहिते, कारण तेव्हा मी ते कुणालाच बोलले नाही.

माझ्याकडे कारण तयार होतं. पंचवीस वर्षं तो उजव्या मागच्या खिशात पाकीट ठेवत आला होता. त्यात वॉरंटीच्या चिठ्ठ्या, दुकानदारांची कार्डं, सगळं कोंबलेलं. ते पाकीट विटेएवढं जाड. उजवी बाजू सतत उचललेली, म्हणून सगळा भार डावीकडे, म्हणून डावी बाजू चेपली. किती व्यवस्थित बसलं सगळं. मी त्याच दिवशी पाकीट मागच्या खिशातून काढायला लावलं आणि प्लायवूड पिशवीत घालून सीटवाल्याकडे नेलं.

त्याने बोट फिरवून बघितलं. "दादांची बैठक वाकडी हाय. भर घालावी लागंल डाव्या अंगाला."

"घाला," मी म्हटलं.

खाली तुकडे दाबून केलेला कडक फोम, वर मध्यम, मधोमध लांब खाच आणि डावीकडे अर्ध्या इंचाची पाचर, कडेला निमुळती होत गेलेली. पाचर मी स्वतः कापली, आमच्या युनिटमधली सुरी नेऊन. रेक्झिन असं ताणलं की वरून काही दिसू नये. नवऱ्याने घरी आणल्यावर काटा समतल ठेवायची त्याची बुडबुड्याची पट्टी सीटवर ठेवली. बुडबुडा एका टोकाला पळाला.

"असा काटा गिऱ्हाईकाला दिला तर मार खाईन."

"तुम्ही वाकडे आहात, काटा नाही," मी म्हटलं. दोघंही हसलो.

दुसऱ्या दिवशी तो जव्हारला गेला आणि वाटेत एकदाही न थांबता परत आला. खुर्चीवर बसून चहा प्याला. मला इतका आनंद क्वचित झाला असेल. युनिटमधल्या दोघींनी आपापल्या नवऱ्यांच्या सीटबद्दल मला विचारलं आणि मी त्यांना माती, प्लायवूड, पाच मिनिटं, सगळं समजावून सांगितलं. शिक्षिकेसारखी.

दिवाळीनंतर त्याच्या डाव्या पायातली चप्पल निसटायला लागली. मी पट्ट्याची सँडल आणली. मग गिअर पडेना. त्याच्या गाडीला पुढचा गिअर टाकायला चवडा दांड्याखाली घालून वर उचलावा लागायचा आणि चवडा उचलला जात नव्हता. पाय थकतो, तो म्हणाला. मी त्याला मेकॅनिककडे पाठवून टाचेने दाबायचा दुहेरी दांडा बसवून घेतला. ती तक्रारही मिटली. दुखत तर नव्हतंच. सीटवर तो छान बसत होता.

मे महिन्यात विक्रमगडच्या बाजारात गाडी थांबवून त्याने डावा पाय टेकवला आणि पायाने साथच दिली नाही. गुडघ्यातून घडी झाली. खांदा सोलवटला, एवढंच. पट्टी करायला वसईतल्या आमच्या जुन्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी खांदा बघितला आणि मग, दारातून लंगडत येताना पाहिलं होतं म्हणून, त्याला टाचांवर चालायला सांगितलं. उजवा पाय टाचेवर उभा राहिला. डावा फरशीवर सपाट पडला. बाईंनी पट्टीचं सामान बाजूला ठेवलं आणि चिठ्ठी लिहायला घेतली.

मणक्यात गाठ होती. कॅन्सरची नव्हे, सावकाश वाढणारी, पायाकडे जाणाऱ्या नसांवर बसलेली. सर्जन तरुण होता, नीट बोलणारा. पडद्यावरची पांढरी गाठ दाखवत त्याने विचारलं, "पाय बारीक झालाय हे पहिल्यांदा कधी लक्षात आलं?"

"महिना झाला असेल," नवरा म्हणाला.

"आणि मॅडम, तुमच्या?"

आठ महिने झाले होते. मला रविवार आठवत होता, दुपार आठवत होती, पट्टीवरचा आकडा आठवत होता.

"महिनाच झाला असेल," मी म्हटलं.

त्याने कागदावर काहीतरी लिहिलं. मग म्हणाला की गाठ काढता येईल, पण नस फार दिवस दबलेली राहिली की तिच्यातलं गेलेलं परत येईलच असं नाही. लवकर आला असता तर, असं वाक्य त्याने सुरू केलं आणि अर्ध्यावर सोडलं. चांगला माणूस असावा.

गाठ निघाली. पाऊल मात्र उठलं नाही. कंपनीने दोन महिने वाट पाहिली, दर आठवड्याला फोन करून विचारपूस केली आणि मग त्याच्या भागात दुसरा माणूस नेमला. त्या माणसाने फोन करून नवऱ्याला जव्हारच्या दुकानांचे पत्ते विचारले. नवऱ्याने सगळे सांगितले. कुठल्या वळणावर खडी आहे, तेही. गाडी आम्ही त्या फोननंतर विकली.

आता तो घरी असतो. पायाला पाऊल उचलून धरणारी प्लास्टिकची पट्टी बांधून दिवसातून दोनदा जिना चढतो-उतरतो, लिफ्ट नाहीच. मधेच म्हणतो की उशी कडक आहे, पाठीला लोड दे. पूर्वी मी लगेच उठून काहीतरी कापून, शिवून दिलं असतं. आता माझा हात पुढे होत नाही. मी विचारत सुटते, कुठं दुखतंय, किती दिवस, मुंग्या येतात का. तो वैतागतो. उशी मागितली, तपासणी नाही, असं म्हणतो.

गेल्या रविवारी मी त्याला सांगितलं. पायाची पट्टी बांधत होते, मान खाली होती, म्हणून जमलं. मातीतला फरक मी मोजला होता, हाफपँटही पाहिली होती आणि डॉक्टरांशी खोटं बोलले, एवढं सगळं एका दमात सांगितलं.

तो म्हणाला, "मला गणपतीच्या आधीच दिसलं होतं. आंघोळीला."

"मग बोलला का नाहीत?"

"डॉक्टर गाडी बंद करायला सांगतील, हे तूच म्हणाली होतीस. मग तू डावीकडे भर घातलीस. मला वाटलं, हिला दिसलंय, आणि हिने ठरवलंय."

मी काहीच ठरवलं नव्हतं. मी फक्त सीट केली होती. पण हे त्याला सांगून उपयोग काय, आणि ते खरं तरी किती, मला कळेना. मी वेलक्रो ओढून घट्ट केला. त्याने भिंतीला हात लावला आणि उठला. जिन्यापर्यंत मी त्याच्या डाव्या बाजूने चालले.