प्रेमिलाताईंनी बिघडवलेलं घड्याळ

नागपुरात इंदोरा चौकातून कामठी रोडला लागलं की डाव्या हाताला, चष्म्याचं दुकान आणि झेरॉक्सवाला यांच्या मधल्या फटीत, घड्याळांचं एक दुकान आहे. फटच म्हणायची, कारण आत दोन गिऱ्हाईकं बसली की तिसऱ्यानं दारात उभं राहायचं. बोर्डावर अजून ‘धोंडबा वॉच रिपेअरिंग’ असं लिहिलेलं आहे. धोंडबा जाऊन वीस वर्षं झाली. आता तिथं त्यांची मुलगी बसते, प्रेमिलाताई. वय साठीच्या घरात, डोळ्याला भिंग आणि तोंडात सुपारीचं खांड. नवं गिऱ्हाईक आत डोकावतं आणि विचारतं, घड्याळजी कुठे गेले? त्या मान वर न करता सांगतात, समोर बसून आहे.

बापाची नजर गेली तेव्हा त्या बावीस वर्षांच्या होत्या. भाऊ रेल्वेत लागलेला, त्याला या किरकिऱ्या धंद्यात रस नव्हता. लोक म्हणाले, बाईच्या हातून घड्याळ दुरुस्त कोण करून घेईल. पहिल्या वर्षी खरंच कोणी घेतलं नाही. मग लोकांच्या लक्षात आलं की इथून नेलेलं घड्याळ परत आणावं लागत नाही. पुढे सेलची घड्याळं आली, मोबाईल आला, आणि आता दिवसभर पट्टे बदलणं नि सेल टाकणं हेच काम. पण खरं चावीचं घड्याळ समोर आलं की बाईंचा चेहरा लग्नघरातल्या मावशीसारखा फुलतो.

मी त्यांच्याकडे गेले ते सासूबाईंमुळे. सगळी वस्ती त्यांना यमुताई म्हणते, म्हणून मीही म्हणते. वय शहाऐंशी, कान शाबूत, डोळे जेमतेम, आणि जिभेला धार अशी की भाजी चिरावी. सासरे गणपतराव गिरणीत होते. लग्नानंतर दोन-तीन वर्षांनी त्यांनी एक मनगटी घड्याळ घेतलं होतं, पाळीला उशीर झाला की मुकादम अर्धा दिवस कापायचा म्हणून. घड्याळ झोपताना त्यांच्या उशाखाली असायचं. ते गेल्यावर ते यमुताईंच्या उशाखाली आलं. रोज चावी देणं हा त्यांचा नेम. एकतीस वर्षं त्यांनी तो चुकवला नाही.

यंदा संक्रांतीनंतर ते घड्याळ थांबलं आणि यमुताईंची झोप उडाली. आम्ही आधी हसण्यावारी नेलं. मग बाई जेवेनात, भिंतीला धरून चालताना तोल जायला लागला, एकदा मोरीत पडल्या. डॉक्टरांनी गोळी दिली, तिनं दिवसभर गुंगी यायची आणि झोप तरीही यायची नाही. माझा नवरा अंकुश कोराडीच्या वीज केंद्रात आहे, त्याचा विश्वास यंत्रांवर. त्यानं मोबाईलवर टिकटिक लावून दिली. यमुताई म्हणाल्या, हे पोपटावानी बोलते, बंद कर. सीताबर्डीच्या दोन मोठ्या दुकानांत घड्याळ दाखवलं. एकानं झाकण उघडलं आणि लगेच लावलं. म्हणाला, मॅडम, यात एकही खडा नाही, डबडं आहे, शोकेसमध्ये ठेवा.

हेच मी प्रेमिलाताईंना सांगितलं आणि त्यांना राग आला. माझ्यावर नाही, त्या दुकानदारावर. त्यांनी मला स्टुलावर बसवलं आणि भिंग माझ्या डोळ्याला लावलं. घड्याळात कमान, म्हणजे स्प्रिंग, गुंडाळलेली असते. ती एकदम उलगडली तर चाकं गरगर फिरून सगळा खेळ मिनिटात आटोपेल. म्हणून शेवटच्या चाकापुढे दोन हातांची एक पट्टी असते, तिला पलेट म्हणतात. ती दर खेपेला चाकाचा एक दात सोडते आणि दुसऱ्या हातानं पुढचा पकडते. त्या धरपकडीचा आवाज म्हणजे टिकटिक. भारी घड्याळात त्या हातांना माणकाचे खडे असतात. आमच्या घड्याळात खड्यांच्या जागी पोलादाचे दोन खिळे होते, केसाहून जरासे जाड.

“दीडशे वर्षं झाले असतील,” प्रेमिलाताई म्हणाल्या. “तिकडं स्वित्झर्लंडात एका कारागिरानं पायलं, का मजुराले घड्याळ परवडत नाही. खडे महाग पडतात. मंग त्यानं खिळे लावले. त्याच्या बरोबरीचे कारागीर हासले त्याले. पण आपल्या माणसायच्या हातावर घड्याळ आलं ना, ते या खिळ्यायमुळं आलं.”

या एका पलेटीवर बाई तासभर बोलू शकतात. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मोबाईलवर तेच पाहत बसतात. कोणी पट्टीचा धक्का दोन ठिकाणी वाटून दिला म्हणजे घासणं कमी होतं, कोणी काचेसारख्या ठिसूळ पदार्थाचं चाक काढलं, त्याला तेलच लागत नाही. नागपूरच्या मे महिन्यात तेल पळतं आणि कोराडीच्या राखेनं त्याचं काजळ होतं, म्हणून बिनतेलाच्या चाकाचं त्यांना फार कौतुक. अडीच-तीनशे वर्षं माणसं एकाच गोष्टीच्या मागे लागलीत, असं त्या म्हणतात. घासणं कमी, आवाज कमी, चूक कमी.

आमच्या घड्याळाचे खिळे खाच पडून झिजले होते. अशा वेळी खिळा काढायचा आणि अर्धा वळसा फिरवून पुन्हा बसवायचा, म्हणजे कोरी बाजू दाताला लागते. प्रेमिलाताईंनी पाहिलं तर कोणीतरी ते आधीच केलेलं होतं, दोन्ही बाजू गेल्या होत्या. मग त्यांनी शिवणाच्या सुईचे दोन तुकडे कापले, घासून आरशासारखे केले आणि बसवले. टिक आणि टिक सारख्या अंतरानं पडत नव्हती, ती लंगडी चालही सरळ केली. चार दिवसांनी घड्याळ हातात देताना म्हणाल्या, दिवसाला अर्ध्या मिनिटाचाही फरक नाही. शिवाय एक कागदाची पुडी दिली. धोंडबांचा नियम होता, घड्याळातून काढलेला तुकडा ज्याचा त्याला परत करायचा. मला स्वच्छतेचा रोग आहे. घरी आले, पुडी उघडली, दोन काळे कण दिसले, आणि सकाळच्या कचरागाडीत पुडी गेली.

यमुताईंनी घड्याळ कानाला लावलं. बराच वेळ ऐकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या हातात ठेवून म्हणाल्या, “हे त्याइचं घड्याळ नोहे वं, दिपाली.”

मी चिडले. खोटं कशाला सांगू, चांगली चिडले. तीन महिन्यांची जागरणं माझीही झाली होती. म्हटलं, तेच आहे, तबकडीवरचा ओरखडा बघा. त्या म्हणाल्या, मले कुठी दिसते, मी ऐकून सांगून राहिली. मी पदर खोचला, ऑटो बोलावली आणि त्यांना घेऊन तडक दुकानात गेले, की आता तुम्हीच यांना पटवा.

प्रेमिलाताईंनी पटवलं नाही. त्यांनी हातातलं काम बाजूला ठेवलं आणि विचारलं, “माय, आधी कसं वाजे ते?”

यमुताईंनी काउंटरच्या काचेवर बोटानं वाजवून दाखवलं. एक जड, एक हलका. एक जड, एक हलका. आणि मधे किंचित खरखर, चुलीजवळ मांजर बसल्यावर येते तशी.

प्रेमिलाताई ऐकत राहिल्या आणि त्यांचा चेहरा उतरला. मला वाटलं, आता म्हणतील की म्हातारीला काय कळतं. त्या म्हणाल्या, चुकी माझी आहे. मी बिमारी समजून काढून टाकलं ते. मग त्यांनी माझ्याकडे पुडी मागितली.

मला धरणी दुभंगावी असं झालं. सांगितलं, कचऱ्यात गेली. यमुताईंनी काठी या हातातून त्या हातात घेतली. त्यांनी मला बोल लावला असता तर बरं वाटलं असतं. प्रेमिलाताई म्हणाल्या, काढलेला खिळा तसाही दुसऱ्यांदा तसा बसत नाही, तुमी फेकलं नसतं तरी उपयोग नव्हता. हे खरं की माझी लाज राखायला म्हटलं, ते मी आजवर विचारलेलं नाही.

मग त्या बाईनं जे केलं ते मी समोर बसून पाहिलं. चाळीस वर्षं घड्याळं नीट करणारा तो हात एक नीट घड्याळ बिघडवायला बसला. पलेट काढली, सर्वांत बारीक कानस घेतली आणि आपणच आरशासारख्या केलेल्या खिळ्यावर खाच पाडली. घड्याळ जोडून यमुताईंच्या हातात दिलं. त्यांनी कानाला लावलं आणि नाही म्हणून मान हलवली. पुन्हा उघडलं. बॅलन्स, म्हणजे मागेपुढे डोलणारं चाक, किंचित फिरवून चाल लंगडी केली. यमुताई म्हणाल्या, जड जास्ती झाला. पुन्हा उघडलं. एकदा खाच खोल गेली, नवी सुई कापून पहिल्यापासून सुरुवात केली. चष्म्याच्या दुकानातला पोऱ्या चहा ठेवून गेला, तो निवून साय धरली. सहा वेळा झालं, सात वेळा झालं. मी म्हटलं, प्रेमिलाताई, राहू द्या, किती त्रास घ्याल. त्यांनी मला गप्प बसवलं.

“मी आयुष्यभर घड्याळ कानाले लावून तपासलं,” त्या म्हणाल्या, “पण ज्याचं आहे त्याले काय आयकू येते, हे कोणाले कधी विचारलं नाही. माय सांगून राहिली तर शिकू द्या ना मले.”

नवव्या वेळी यमुताईंनी घड्याळ कानाला लावलं आणि मान हलवली नाही. डोळे मिटले. आम्ही दोघी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो. मिनिटभरानं प्रेमिलाताईंनी हळूच सांगितलं की आता हे दिवसाला चौदा मिनिटं मागे पडेल, बाबा असते तर त्यांनी दुकानातून हाकललं असतं मला. यमुताईंच्या ओठांवर जरासं हसू आलं.

“पडू दे,” त्या म्हणाल्या. “मले कुठी पाळीवर जायचं हाय.”

हे बोलता बोलता त्यांचा हात कानाजवळच राहिला आणि डोकं भिंतीला टेकलं. आधी मी त्यांच्या नाकापुढे हात धरला. मग त्यांचा श्वास ऐकू आला, लांब, एकसारखा, शेवटी बारीक शीळ वाजवणारा. जानेवारीपासून मी तो श्वास ऐकला नव्हता. बाहेर बसचे हॉर्न, आत एप्रिलची उकड, आणि लाकडी बाकड्यावर बसल्या बसल्या माझी सासू गाढ झोपली होती. मला रडू आलं. मी प्रेमिलाताईंचे दोन्ही हात धरले. कानशीच्या किसानं त्यांची बोटं काळी झाली होती, तो काळेपणा माझ्या हातालाही लागला. तुमचे उपकार, एवढंच म्हणता आलं. शाळेत पस्तीस वर्षं मराठी शिकवलं मी, आणि ऐन वेळी दोन शब्द निघाले.

त्यांनी हात सोडवून घेतले, कारण त्यांचं लक्ष वर गेलं होतं. बारा वाजायला चार मिनिटं होती. भिंतीवर ठोक्यांची पाच घड्याळं होती, सगळी त्यांनीच लावलेली, सेकंदाला सेकंद मिळवलेली. ती एकदम बारा-बारा ठोके देणार होती. प्रेमिलाताई चपला काढून स्टुलावर चढल्या. एकेकाचं काचेचं दार उघडलं, लंबकाला बोट लावून तो थांबवला, आणि दार परत हलकेच लावलं. पाचही घड्याळं बंद झाली. एक गिऱ्हाईक दारात आलं, त्याला त्यांनी हातानंच खूण केली, नंतर ये म्हणून.

मी अंकुशला मेसेज टाकला, आम्हाला उशीर होईल, तू जेवून घे. मग आम्ही दोघी खाली फरशीवर बसलो, आवाज न करता.