मिरची लावलेली कणकी

पक्ष्यांवर प्रेम करणाऱ्या माणसांबद्दल माझं मत बरं नाही, आणि ते बदलायची माझी इच्छाही नाही. असं सरसकट बोलू नये म्हणतात. नका बोलू बापा तुम्ही. मी बोलणार, कारण मी त्यातल्या एकाला चार दिवस चहा करून दिला आहे.

आमचे हे तेव्हा वैनगंगेपलीकडच्या जंगलात रेंजर होते. गडचिरोली तेव्हा जिल्हा नव्हता, सगळं चांद्यातच मोडायचं. एक डाकबंगला, त्याच्या मागे आमचं क्वार्टर, पलीकडे चौकीदाराची झोपडी, एवढीच वस्ती. गाव मैलभर दूर. उन्हाळ्यात बैलगाडीने नदी ओलांडता यायची. आषाढ लागला की वाट बंद. मग चार महिने तिकडचं कुत्रं इकडे यायचं नाही.

त्याच्या आदल्या पावसाळ्यात तिथेच माझी पहिली मुलगी गेली. अकरा महिन्यांची होती. ताप चढला, नदीला पूर, डोंगा सोडायला कोणी तयार होईना, डॉक्टर पलीकडे. तिसऱ्या दिवशी सगळं आटपलं. आता मला पुन्हा दिवस गेले होते आणि हिशेबाने बाळंतपण ऐन श्रावणात येत होतं. मी ह्यांना स्वच्छ सांगितलं होतं, "पावसाच्या आत बदली करून घ्या. चांदा घ्या, बल्लारपूर घ्या, कोरपना घ्या, जिथे डॉक्टर आहे असं कोणतंही गाव घ्या. मी ह्या घरात दुसरं मूल पुरणार नाही." अर्ज केला होता. तो वरच्या साहेबांकडे पडून होता.

राज्याची मांडणी नुकतीच बदलली होती आणि हे वरचे साहेब पुण्याकडून आले होते. शिवरात्रीच्या सुमारास त्यांचा दौरा आमच्याकडे ठरला. त्यांच्या कॅम्प क्लार्कने ह्यांना आधीच चिठ्ठी धाडली. साहेबांना पक्ष्यांचा फार नाद. बंगल्याच्या व्हरांड्यात चहा पिताना समोर पक्षी दाणे टिपताना दिसले की साहेब खूश, आणि साहेब खूश झाले की अर्जावर जागच्या जागी सही. लाल मुनिया दिसली तर विचारूच नका.

आता मला सांगा, चहूकडे पन्नास कोस जंगल. मोर, होले, राघू, बुलबुल, काय म्हणाल ते. पण साहेबांना पक्षी जंगलात नको होते. खुर्चीतून न उठता, कपबशीच्या समोर हवे होते. आणि आमचे हे, ज्यांनी वाघाच्या मागावर रात्री काढल्या होत्या, ते ती चिठ्ठी वाचून अंगात आल्यासारखे सुतार शोधायला निघाले.

सागाचा एक खांब रोवला. त्यावर चौरंगाएवढी फळी ठोकली, फळीला कडेने पट्टी मारली, एका बाजूला पाण्याची परळ. साहेबांच्या पुण्याकडे ह्याला पक्ष्यांचं टेबल म्हणतात म्हणे. टेबलावर ह्यांनी माझ्या डब्यातली कणकी आणि कोदो पसरलं. आमच्याकडे तांदळाच्या कण्यांना कणकी म्हणतात, कोद्र्याला कोदो, आणि दोन्ही लोक जेवतात. हे सांगितलेलं बरं, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल टाकाऊ काहीतरी होतं.

पक्षी यायच्या आधी खारी आल्या.

एक आली, मग तिने सगळी भावकी आणली. खांबावरून सरसर वर, टेबलाच्या मधोमध बसून, दोन्ही हातांनी दाणा धरून कुटूकुटू खायच्या. चिमणी आली की शेपूट उडवून अशी चिरचिर करायच्या की चिमणी सरळ पळसावर. दोन घटकांत टेबल साफ. खारीचा वाटा म्हणून मोठ्या कौतुकाने शाळेत शिकवतात. शिकवणाऱ्याने एकदा आमच्याकडे यायला हवं होतं.

पहिल्यांदा ह्यांनी खांबाला एरंडेल चोपडलं. खारी घसरल्या, खाली पडल्या, अंग झटकलं आणि जांभळीच्या फांदीवरून सरळ टेबलावर उडी. जांभळीची फांदी तोडली. मग बंगल्याच्या कौलांवरून उड्या. खांबाला बाभळीचे काटे बांधले. काट्यांवर ह्यांचंच धोतर फाटलं. शेवटी ह्यांच्या डोक्यात आलं बिब्ब्याचं तेल. जंगलात जन्मलेलं शेंबडं पोरही बिब्ब्याला हात लावताना दहादा विचार करतं. म्हाताऱ्या चौकीदाराने हात जोडले, "साहेब, बिब्बा उतल हो!" पण रेंजरला चौकीदाराने शिकवायचं? ह्यांनी स्वतःच्या हाताने खांबाला तेल माखलं. दुसऱ्या दिवशी हात, तोंड, मान, सगळं फुगून आलं, डोळे मिटले. खारींना काही झालं नाही. त्या त्या दिवशी खांबाला शिवल्याच नाहीत, कौलांवरून आल्या.

मी ह्यांच्या हातांना खोबरेल लावत होते आणि हसत होते. खरं सांगते, हसू आवरेना. मग रडूही आलं. दौऱ्याला आठ दिवस उरले होते आणि माझी बदली चार खारी खात होत्या.

मग दोन गार्ड काठ्या देऊन टेबलाजवळ उभे केले. बिचाऱ्यांना शिवरात्रीला मार्कंड्याच्या जत्रेला जायचं होतं, वर्षातून एकदाचं देवदर्शन. सुटी नामंजूर. दिवसभर दोन धडधाकट गडी काठ्या आपटत खारी हाकायचे, त्यामुळे पक्षीही यायचे नाहीत. कोणी विचारलं काय करून राह्यले, तर सांगणार काय? सरकारी नोकरी करून राह्यलो.

चौकीदाराची बायको हा तमाशा रोज बघायची. तिच्या झोपडीच्या वळचणीला धानाच्या लोंब्यांचं विणलेलं तोरण टांगलेलं असायचं. नवं धान घरात आलं की पहिल्या लोंब्या ती चिमण्यांसाठी टांगायची, तिच्या आईने टांगल्या, तिच्या आजीने टांगल्या. त्यावर चिमण्या लटकायच्या, खारीही लटकायच्या. तिचं कोणाशी भांडण नव्हतं.

मी तिला म्हटलं, "बाई, या खारी मारून टाकायच्या का गलोलीने?"

तिने कानावर हात ठेवले. "राम राम! खारीले मारते का कोनी? तिच्या पाठीवर देवाची बोटं आहेत."

"मग करू काय मी?"

"काऊन करता जी काही? चिमणीनं खाल्लं काय, खारीनं खाल्लं काय. पोट त सारखंच आहे."

तिचं खरं होतं. पण तिची बदली अडली नव्हती.

उपाय सापडला तो मलाच, आणि ह्याचा मला तेव्हा केवढा गर्व झाला! अंगणात मी मिरच्या वाळत घातल्या होत्या. शेजारी तांदूळ. तांदळावर खारी तुटून पडायच्या, मी हाकलायची. मिरच्यांना मात्र त्यांनी एकदाही तोंड लावलं नाही. आणि राघू? ते झाडावरून उतरून तांबड्यालाल मिरच्या खुशाल चोचीत धरून न्यायचे, बियांसकट फोडून खायचे, डोळ्यांत पाणी नाही की काही नाही. मी तिथेच पाटावर बसून राहिले. अगं बाई, पाखराला तिखट लागतच नाही की काय!

तव्यावर मिरच्या भाजल्या, पाट्यावर बारीक वाटल्या. शिंका देऊन देऊन जीव गेला. कणकीला आणि कोदोला तेलाचा हात लावून ते तिखट चोळलं आणि टेबलावर पसरलं. गार्डांना सांगितलं, काठ्या ठेवा आणि व्हरांड्यात गुपचूप बसा.

पहिली खार आली ती रोजच्या तोऱ्यात. मूठभर तोंडात कोंबलं. क्षणभर तशीच बसली. मग जी उसळली म्हणता! तोंड पुसते, टेबलावर घासते, पाण्याच्या परळीत डोकं घालते, चिरचिर करत कौलांवरून पसार. दुसरी, तिसरी, सगळ्यांचं तसंच. दोन दिवसांत खारींनी ते टेबल सोडून दिलं. तिसऱ्या दिवशी चिमण्या आल्या, मग होले, राघू, आणि एका सकाळी गवतातून भुरकन उठून लाल मुनियांचा थवा फळीवर उतरला, ठिपक्या-ठिपक्यांचा. ह्यांचे सुजलेले डोळे तोवर उघडले होते. ते माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मीच अंडं घातलं. म्हणाले, "तू जिंकलीस गं. झाली बदली."

मी त्या संध्याकाळी पेटीत कपडे भरायलाही घेतले. मूर्ख बाई.

साहेब आले. गोरे, नीटनेटके, आवाज हळू. पक्षी बिचकतात म्हणून हळू बोलायचे, आणि आम्हीही हळू बोलावं अशी अपेक्षा. गळ्यात दुर्बीण, हातात वही. टेबल दहा हातांवर, तरी दुर्बीण लावून बघायचे. पहिल्याच सकाळी चौकीदाराचा कोंबडा आरवला आणि मुनिया उडाल्या. साहेबांच्या कपाळाला आठ्या. दुपारी कोंबडा कापला गेला. रात्री पक्षीप्रेमी साहेबांनी तंगडी चोखून खाल्ली आणि रस्सा उत्तम झाला म्हणाले. चौकीदाराच्या बायकोला त्यांनी कोंबड्याबद्दल शब्दाने विचारलं नाही. तो टेबलावर बसायला येणाऱ्यांपैकी नव्हता ना!

चौथ्या दिवशी सकाळी साहेबांनी ह्यांना बोलावलं. मी चहाचा ट्रे घेऊन गेले होते, ती दाराशी थांबले. साहेब म्हणाले, सगळा प्रांत हिंडलो, पण एकही खार नसलेलं असं टेबल पाहिलं नाही, हे जमवलंत कसं? हे म्हणाले, "आमच्या मंडळींची अक्कल आहे, साहेब." मला पुढे बोलावलं. मी मिरचीची गोष्ट सांगितली. साहेबांनी ती वहीत उतरवून घेतली, किती कणकीला किती तिखट, तेसुद्धा.

मग अर्ज समोर घेतला. साहेब म्हणाले, "पण बदली कशाला मागता? तुमच्यासारखी माणसं इथेच हवीत."

ह्यांनी मान खाली घातली. काही बोलायची वेळ आली की ह्यांची मान नेहमी खालीच जायची. तेव्हा मीच बोलले. आयुष्यात पहिल्यांदा साहेबाच्या तोंडावर बोलले. "साहेब, आषाढ लागला की नदी उतरता येत नाही. चार महिने इकडे कोणी येऊ शकत नाही. गेल्या साली माझी मुलगी त्यातच गेली. आता मला पुन्हा..." पोटावर हात ठेवला. कोणत्याही बाईला, कोणत्याही बाप्याला कळलं असतं.

"अरेरे," साहेब म्हणाले. तेवढं म्हणाले, ते नाकारत नाही. मग ह्यांच्याकडे वळले. "चार महिने कोणीच येत नाही? फासे लावणारे, शिकारी, कोणी नाही?"

"नाही, साहेब."

"वा!" साहेबांचा चेहरा उजळला. "म्हणजे मुनियेचा विणीचा हंगाम अगदी निर्धोक. वा!"

आणि त्यांनी अर्जावर लाल पेन्सिलीने लिहिलं, की सदर रेंजरांना आणखी तीन वर्षे येथून हलवू नये. ह्यांनी नमस्कार केला. म्हणाले, "साहेबांची कृपा." मी अजून तो नमस्कार विसरले नाही, आणि माफही केला नाही. ती जागा मी ओळखली होती, ते साहेब मी ओळखले होते, पण ज्याच्याशी लग्न लावून दिलं त्या माणसाची ओळख मला त्या सकाळी झाली. जे काम बिघडवलं असतं तर सुटका होती, ते मी माझ्या हाताने वाटून, चोळून, पसरून नीट करून दिलं. साहेबाला नाराज केलं असतं तर त्याने रागाने आम्हाला उचलून दुसरीकडे फेकलं असतं. एवढी साधी गोष्ट दोन शिकल्यासवरल्या माणसांना कळली नाही!

श्रावणात मुलगा झाला, नदीला पूर असताना, चौकीदाराच्या बायकोच्या हातावर. दोन दिवस मी मरणाच्या दारात जाऊन-येऊन होते. तिने एकटीने मला ओढून काढलं. मी डोळे उघडले तेव्हा ती उकिडवी बसून माझे पाय चोळत होती. म्हणाली, "ऱ्हायली जी, रेंजरीणबाई. आता नाई जात."

ह्यांनी साहेबांना पत्र लिहिलं. मुलगा झाला, बायको मरता-मरता वाचली, डॉक्टर मिळाला नाही, कृपा करून बदलीचा फेरविचार व्हावा. ह्यांच्या मानाने फार धीट पत्र होतं. पाणी ओसरल्यावर ते गेलं आणि दसऱ्याच्या सुमारास उत्तर आलं. त्यात मुलाबद्दल अक्षर नाही, माझ्याबद्दल नाही, बदलीबद्दल नाही. दोन ओळी होत्या. लाल मुनियेने बंगल्याच्या आवारात घरटे केले काय? अंडी किती, ते पाहून उलटटपाली कळवावे.

मी पत्र वाचून ह्यांच्या हातात परत दिलं आणि वाट पाहिली, आता तरी हा माणूस काय करतो ते. ह्यांनी ते दोनदा वाचलं, घडी करून खिशात ठेवलं, पेन्सिल कानावर खोचली आणि अंडी मोजायला गवतात गेले.